दादा, तुमच्या त्या दोन चक्करांबद्दल

दादा,

तुम्हाला हाक मारायची ही माझी पहिलीच वेळ. सुनेनं भासऱ्यापुढे तोंड उघडायचं नाही, ही आपल्या घरची रीत. मोठा दीर म्हणजे सासऱ्याच्या जागी. तुम्ही ओसरीवर आलात की मी पदर ओढून आत. मी अंगणात असले की तुम्ही दाराबाहेरूनच खाकरणार. एका चुलीवरचं खाऊन इतकी वर्षं आपण एकमेकांशी बोललो नाही. आणि तरी या घरात मी सगळ्यांत जास्त कोणाशी भांडले असेन, तर ते तुमच्याशी. गेलेल्या माणसापुढे पदर ओढायची रीत काही माझ्या ऐकण्यात नाही, म्हणून आज बोलते. तुम्हाला आता ऐकावं लागेल, उठून मळ्यात निघून जाता यायचं नाही.

काल तुमची तेरवी झाली. पानं उठली, पाहुणे निवांत बसले आणि काकाजींनी, तुमच्याच चुलत्यांनी, माझा विषय काढला. म्हणाले, आजवर दादा होता, सुनेच्या सायकलबद्दल गावाला तोंड द्यायला तो बसला होता. आता घरात पुरुषमाणूस कोण? धाकटा तिकडे भुसावळला रेल्वेत. घरच्या सुनेनं एकटीनं सायकलवर घाट चढून बुलढाण्याच्या शाळेत शिकवायला जायचं, हे आता पुरे झालं. तिनं नोकरी सोडावी. मी दाराआड उभी होते. हे बैठकीतच होते, पण वडीलधाऱ्यांपुढे यांच्या तोंडाला कसं कुलूप लागतं ते तुम्ही लहानपणापासून पाहिलं आहे. खरं सांगते, दादा, तुम्ही गेलात त्या दिवशी मी रडले ते घरातलं मोठं माणूस गेलं म्हणून. काल रडू आलं ते माझ्या बाजूचं माणूस गेलं म्हणून. पुढे काय झालं ते सांगतेच, पण आधी आपलं भांडण.

लढाई सुरू झाली, पेट्रोल मिळेनासं झालं, तिथून हे सगळं निघालं. तोवर मी उतारूंच्या मोटारीनं शाळेत जात होते. मग मोटारीच्या पाठीशी कोळशाची भट्टी बसवली आणि तिच्या गॅसवर ती धावायला लागली. धावायला कसली, सपाटीवर कशीबशी रखडायची आणि राजूरचा घाट लागला की धापा टाकत उभी. उतारू खाली उतरून ढकलायचे. मीही ढकलायला हात लावला, तर त्याचीसुद्धा गावात चर्चा. शाळेला रोज उशीर. शेवटी मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्य बाईंनी, मला बोलावून सांगितलं की मुली वर्गात आणि बाई घाटात, हे किती दिवस चालवून घेऊ? असंच राहिलं तर बुलढाण्यातच राहणारी दुसरी बाई पाहावी लागेल. माहेरी, वडनेर भोलजीला, माझ्या वडिलांनी चार लोकांचं बोलणं खाऊन मला शिकवलं होतं. त्या वर्गात पाटीवर पहिलं अक्षर काढणाऱ्या पोरी होत्या. त्या सोडून घरी बसायचं, ही कल्पनाच मला सोसत नव्हती.

मग यांनी कुठूनशी एक जनानी सायकल आणली. कोणा साहेबाची मडम विलायतेला परत जाताना विकून गेलेली. मध्ये दांडा नाही, म्हणून नऊवारीत बसता येत होतं. खळ्यात यांनी मला ती शिकवली. सासूबाई तेव्हा होत्या. त्या कडेला बसायच्या, भीतीनं डोळे मिटून, आणि मी पडले की काय ते आवाजावरून ओळखायच्या. सपाटीवर मी सुसाट सुटले. पण घाटाचा पहिलाच चढ आला आणि सायकल जागीच थांबली. पायडलावर सगळा भार टाकून उभी राहिले तरी ते खाली जाईना. ढकलत ढकलत वर गेले, तर मोटारीपेक्षा उशीर.

संध्याकाळी मी चुलीपाशी सासूबाईंना हे सगळं सांगत होते. तुम्ही पलीकडे जेवत होतात. मध्येच घास थांबवून तुम्ही त्यांना म्हणालात की तिला विचार, सायकल सगळीकडेच जड जाते की फक्त चढावर? मी तुमच्यापासून चार हातांवर. तुमचा प्रश्न मला ऐकू आला, माझं उत्तर तुम्हाला ऐकू गेलं, तरी सासूबाईंनी इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे इमानेइतबारे पोचवलं. त्यात थोडं मीठमिरचीही टाकलं, तो त्यांचा हक्कच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही सायकल अंगणात उभी केलीत आणि बाजारात बैल पाहावा तशी पाहिलीत. पुढून, मागून, मग उकिडवं बसून खालून. चेनवर हात फिरवलात. मी खिडकीतून बघत होते आणि मला हसू आवरत नव्हतं.

"माय, तिले सांग," तुम्ही म्हणालात, "जोडी विजोड हाये. पुढचं चक्कर थाळीएवढं, मांगचं वाटीएवढं. असे बैल जुंपले तर गाडी घाट चढन काय?"

मी शिकलेली बाई ना! मी लगेच आतून निरोप धाडला की ते मुद्दाम तसं असतं. पायडलाचं मोठं दातेरी चक्कर एकदा फिरलं की चेन मागच्या चाकाच्या लहान चक्कराला दोन-तीनदा फिरवते, म्हणून सायकल पळते. कंपनीवाले काही खुळे नाहीत. सासूबाईंनी यातलं जमेल तेवढं सांगितलं.

"कंपनीनं आपला घाट पाह्यला काय?" तुम्ही म्हणालात.

हे सासूबाईंनी मला परत सांगितलंच नाही. नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीतून मागे सरले.

पुढच्या बाजारी तुम्ही मलकापूरला गेलात आणि दोन चक्करं घेऊन आलात. एकावर एक ठेवलीत आणि काठाला काठ कसा जुळतो ते सासूबाईंना, म्हणजे मला, दाखवलंत. काय तो तोरा! बैल घेताना तुम्ही उंचीला उंची, शिंगाला शिंग जुळवायचात, तशीच ही जोडी जुळवून आणली होती. लोहाराला बोलावून एक पुढे, एक मागे बसवलंत आणि चेन चढवली. पुढच्या चक्करावर चेन नीट बसली. मागच्यावर मात्र ती दातांवर चढायला लागली, खटखट वाजायला लागली आणि पहिल्याच वळणाला सुटून पडली. दोन्ही चक्करं उंचीला सारखी, पण एकाचे दात दाट, दुसऱ्याचे विरळ. चेनची कडी दोन दातांमधल्या खाचेत बसावी लागते, तर ते अंतर आधी बघायला हवं, हे तुमच्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्या तरी कुठे आलं होतं? मी तर तोऱ्यात भरलेल्या तुमच्याकडेच बघत होते. तुम्ही दोन्ही चक्करं काढून पुन्हा हातात घेतलीत आणि कोणाला उद्देशून नव्हे असं म्हणालात की उंची एक, पण पाऊल वेगळं. दुसरा कोणी असता तर त्यानं तिथेच नाद सोडला असता.

दुसऱ्या खेपेला तुम्ही खामगावला गेलात ते चेन गळ्यात घालून. हातात धरली तर उपरणं खराब होईल म्हणून गळ्यात, हे तुमचं म्हणणं. गळा काळा झाला त्याचं काय, ते विचारायची सोय नव्हती. तिथल्या दुकानदारानं म्हणे विचारलं, काय पाटील, सायकलशी लगीन लावून आलात काय? ही गोष्ट तुम्हीच जेवताना सांगितलीत आणि स्वतःच इतकं हसलात की ठसका लागला. चेन एकेका चक्करावर बसवून, हातानं फिरवून, कडीन् कडी खाचेत जाते का ते पाहून तुम्ही नवी जोडी आणलीत. पुढचं लहान पोरांच्या सायकलचं, मागचं कुठल्याशा मोडक्या सायकलचं मोठं, दोन्ही दाताला दात सारखी. दुकानदारानं बजावलं होतं की अशी सारखी चक्करं कोणी लावत नाही. तुम्ही त्याला सांगून आलात की तू लावू नको.

पुढचं चक्कर लहान झाल्यामुळे चेन लांब पडून लोंबायला लागली. लोहार एकेक कडी काढत गेला, तुम्ही मधोमध बोटानं दाबून बघत गेलात. बोटभर दबते आहे असं झालं तेव्हा तुम्ही थांब म्हणालात. फार ताठ नको, फार सैल नको. त्यानंतर रोज सकाळी मळ्यात जायच्या आधी तुम्ही ती चेन बोटानं दाबून बघायचात. कोणी बघत नाही असं तुम्हाला वाटायचं. खिडकी माझीच होती, दादा.

त्या जोडीवर मी पहिल्यांदा घाट चढले तेव्हा एक म्हातारा शेरडं हाकत मला मागे टाकून गेला, इतकी मी हळू होते. पण पायडल फिरत होतं! चढ कसाही येवो, पायाखालचं पायडल जात होतं आणि मी बसलेली होते. घंटी व्हायच्या आधी शाळेत पोचले. पाण्याच्या रांजणाशी जाऊन तोंड धुण्याच्या निमित्तानं खूप रडून घेतलं. घरी आल्यावर सासूबाईंना म्हटलं, त्यांना सांगा, पोचले. त्या जाऊन आल्या आणि म्हणाल्या, सांगितलं, मान डोलावली.

इथे गोष्ट गोड संपली असती. पण मग मी भांडायला लागले. घाटाला तुमची जोडी सोन्यासारखी, कबूल. पण सपाट रस्त्यावर? घाटाच्या पायथ्यापर्यंत सपाटी, वर बुलढाण्यात शिरल्यावर पुन्हा सपाटी. तिथे माझे पाय शिलाईच्या मशीनवर बसल्यासारखे भराभरा फिरायचे आणि सायकल आपली रमतगमत. कचेरीतले कारकून शेजारून पुढे जायचे आणि मान वळवून माझ्या पायांकडे बघायचे. लाज वाटायची हो. मी निरोप धाडला की मागचं चक्कर दोन-तीन दातांनी लहान करा, घाट जरा जड जाईल, पण सपाटी सुधारेल, दोन्हीकडचा मेळ बसेल. तुमचं उत्तर, नाही. कारण विचारलं तर जोडी मोडत नसतात. दरवर्षी मी विचारायची आणि दरवर्षी तुम्ही तेच.

सासूबाई गेल्यावर तर निरोप न्यायला कोणी उरलं नाही. जाऊबाईंनी पहिल्या दिवशीच हात जोडले, तुमच्या चेनच्या भानगडीत मला ओढू नका म्हणाल्या. मग मी चेनला तेल देता देता सायकललाच मोठ्यानं विचारायला लागले की काय वं, तुले मांगचं चक्कर जरा लहान नाई पाह्यजे? आणि गोठ्यातून तुम्ही बैलाच्या पाठीवर थाप मारून म्हणायचात, काऊन रे, जोडी मोडाची काय? पाटीवर शिकवणारी बाई सायकलशी बोलते आणि गावचा शहाणा माणूस बैलाकडून उत्तर धाडतो. जाऊबाई भाकरी थापता थापता कपाळाला हात लावायच्या, पीठ लागायचं. मी त्यांना म्हणायची, तुमचे मालक हट्टी आहेत. त्या भाकरी उलटायच्या.

एकदाच तुम्ही माझ्याशी बोललात. हिवतापातून उठून मी पुन्हा शाळेला लागले होते तेव्हा. अंगात त्राण नव्हतं. घाटातल्या त्या अवघड वळणावर तुमची जोडीसुद्धा मला हलेना. मी सायकल आडवी टाकली आणि कठड्यावर बसून ठरवलं की झालं, आज मोठ्या बाईंना सांगायचं, मला जमत नाही. तेवढ्यात तुमची गाडी आली. वांग्यांच्या टोपल्या भरलेली, बुलढाण्याच्या बाजाराला निघालेली. मी पदर ओढून तोंड फिरवलं. तुम्ही गाडी थांबवलीत. इकडे पाहिलंत, तिकडे पाहिलंत. निरोप द्यायला तिथे कोणी नव्हतं. सायकलशी बोलावं तर ती धुळीत पडलेली.

"गाडीत बस," तुम्ही म्हणालात. "आज बैल चढतीन, उद्या तू चढजो."

आणि तुम्ही खाली उतरलात. भासरा आणि सून एका गाडीत बसत नसतात, म्हणून उरलेला सगळा घाट तुम्ही बैलांच्या पुढे कासरा धरून पायी चढलात, एकदाही मागे न बघता. मी वांग्यांमध्ये बसले होते आणि तुमच्या पाठीवर घाम पसरत चाललेला बघत होते. मला शाळेच्या फाटकाशी उतरवून तुम्ही बाजारात गेलात. गावात बोलणं झालंच. तुम्ही पारावर जाऊन सांगून आलात की ती गाडीत होती, मी पायी होतो, आणखी कोणाला काही विचारायचं आहे काय? कोणाला काही विचारायचं नव्हतं. त्या दिवशी मी तुम्हाला हो सुद्धा म्हटलं नाही, दादा. तुम्ही रीत मोडलीत आणि मी तीच रीत धरून गप्प बसले. तुमच्या छातीत कफ दाटला आणि तुम्ही चार दिवसांत आटोपलंत, तेव्हाही मी दाराबाहेरच बसून होते. ते हो म्हणायचं राहून गेलं, ते मला फार लागलं आहे.

आता कालचं सांगते. काकाजींनी नोकरी बंद असं म्हटलं आणि बैठकीत सगळे माना हलवायला लागले. तेव्हा जाऊबाई आतून उठल्या. तेरा दिवस ज्यांनी पाण्याशिवाय काही मागितलं नव्हतं, त्या दाराच्या चौकटीत येऊन उभ्या राहिल्या.

"काकाजी," त्या म्हणाल्या, "आमच्या ह्यायचा निरोप मी आजवर कोनाले सांगतला नाई. आता सांगतो." मग त्यांनी जे सांगितलं ते मी प्रथमच ऐकत होते. तुम्ही दर बाजारी खामगावच्या त्या दुकानात जायचात म्हणे. दोन-तीन दातांनी लहान असलेलं चक्कर हातात घ्यायचात, चेनच्या तुकड्यावर बसवून बघायचात आणि परत ठेवून द्यायचात. जाऊबाई तुम्हाला म्हणाल्या होत्या की घेऊन टाका एकदाचं, किती ते भांडण. तर तुम्ही म्हणालात, हिवतापानं तिचे पाय गेले आहेत, घाट जड झाला तर ती एक दिवस घरी बसेल आणि मग बसूनच राहील. पाय पक्के झाले की आणतो.

"तिनं घरी बसू नाई म्हनून थे तिच्याशी भांडत राह्यले," जाऊबाई म्हणाल्या, "अन् तुमी त्यायच्याच तेरवीले तिले घरी बसवता? गावानं इचारलं तर मी उत्तर देतो. माह्याकडे पाठवजा."

काकाजींनी पानाचा डबा उघडला, बंद केला आणि मळ्यातल्या वांग्यांचं विचारायला लागले. विषय मिटला.

मनात एकदा आलं की जाऊबाईंनी हे रचून तर नाही सांगितलं. पण त्यांना रचता येत नाही, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. मग मला तुमचा राग आला. एवढं मनात होतं तर बैलाला तरी सांगायचं होतं! मी इतकी वर्षं समजत होते की तुम्हाला बैलजोडीचं खूळ आहे. पहिल्यांदा असेलही. नंतर तुम्ही तेच खूळ पुढे करून मला घाट चढवत राहिलात आणि माझे टोमणे हसत खात राहिलात. दादा, माहेरी मला बापानं शिकवलं. सासरी कोणी शिकवलं असेल तर ते तुम्ही.

हे काल रात्रीच्या गाडीनं भुसावळला परतले, या रविवारी पुन्हा यायचे आहेत. आम्ही खामगावला जाणार आहोत. चेन यांच्या गळ्यात घालणार, माझ्या नाही. आता मागचं चक्कर दोन दातांनी लहान घ्यायचं की तीन, हा प्रश्न आहे. मला वाटतं तीन. तुम्ही एकच म्हणाला असता, आणि मग मी दोनवर आले असते. भांडायला कोणी नसलं की नीट ठरवताही येत नाही. जड गेलं तर पुन्हा जुनं लावीन. तुमचं ते मोठं चक्कर मी मोडीत देणार नाही. माझ्या वर्गातली एखादी पोर उद्या घाटाखालच्या शाळेत बाई होऊन जाईल, तिला लागेल.

आज सकाळी मी सायकल अंगणात काढली. चेन मीच बोटानं दाबून पाहिली. बाहेर पारावर दोघे-तिघे बसले होते, मी निघते का ते बघायला. मी उंबऱ्याशी उभी राहिले, तुमच्या ओसरीवरच्या रिकाम्या जागेकडे तोंड केलं, पदर होता तिथेच राहू दिला आणि पारावर ऐकू जाईल असं म्हटलं, "येते, दादा."

जराशानं आतून जाऊबाईंचा आवाज आला.

"थे म्हनतात, घंटीच्या आधी पोच."

पोचले, दादा.